काउनासचा हिवाळा आणि टायस एडनीचा सीझन

लिथुआनियाला जातेय म्हटल्यावर घरी सगळ्यांनी एकच विचारलं, तिथं बघायला काय आहे? बास्केटबॉल, मी म्हटलं. माझी भाची काउनासला मेडिकल करतेय (तिथे आपल्याकडची बरीच मुलं आहेत), त्यामुळे राहायची सोय होती, आणि कॉलेजात असताना ज्या खेळाडूच्या नादाने मी पॉइंट गार्ड (बॉल पुढे नेऊन टीमचा खेळ चालवणारी) म्हणून खेळायला लागले त्याने त्याचा सगळ्यात मोठा सीझन याच गावात काढलाय. टायस एडनी. त्यामुळे आधी त्याच्याबद्दल सांगते, म्हणजे पुढचं वाचताना गोंधळ होणार नाही.

एडनी कॅलिफोर्नियाचा, उंची जेमतेम पाच फूट दहा इंच. १९९५ च्या अमेरिकन कॉलेज स्पर्धेत मिझुरीविरुद्ध त्याची युसीएलए (लॉस एंजेलिसचं विद्यापीठ) एका पॉइंटने मागे होती आणि ४.८ सेकंद उरले होते, तेव्हा हा पठ्ठ्या आपल्या बास्केटखालून बॉल घेऊन सुसाट निघाला आणि थेट समोरच्या बास्केटमध्ये टाकून आला, ७५-७४. त्या वर्षी युसीएलए चॅंपियन झाली. एनबीएत (अमेरिकेची व्यावसायिक लीग) मात्र त्याचं बस्तान बसलं नाही. ड्राफ्टमध्ये (टीम नवे खेळाडू ओळीने निवडतात त्यात) ४७ वा नंबर, सॅक्रामेंटोत दोन सीझन, बॉस्टनमध्ये एक, आणि मग १९९८ च्या उन्हाळ्यात मालक आणि खेळाडूंचं भांडण होऊन एनबीएच बंद पडली, ती जानेवारीपर्यंत. एडनी लिथुआनियाला आला, झाल्गिरिस काउनास क्लबकडून खेळायला. त्या सीझनच्या शेवटी एप्रिल १९९९ मध्ये म्युनिकला झाल्गिरिसने युरोलीग (युरोपातल्या क्लबांची सगळ्यात मोठी स्पर्धा) जिंकली आणि फायनल फोरचा, म्हणजे शेवटच्या चार टीमच्या फेरीचा, सर्वोत्तम खेळाडू ठरला एडनी. झाल्गिरिसला आजवर ती एकदाच मिळालीये.

बुधवार

मुंबई-इस्तंबूल-विल्निअस, आणि तिथून ट्रेनने साधारण सव्वा तासात काउनास. प्रवास व्यवस्थित झाला, त्यात सांगण्यासारखं काही नाही. डिसेंबर होता, दुपारी चारच्या आतच सूर्य मावळत होता, मी स्टेशनवर उतरले तेव्हा मिट्ट काळोख आणि चिकचिकीत बर्फ. भाची न्यायला आली होती, हातात हिरवा मफलर, "मावशी, हा घाल, इथं हिवाळ्यात हाच युनिफॉर्म." हिरवा पांढरा हे झाल्गिरिसचे रंग, आणि ती थट्टा करत नव्हती, बसमध्ये चार माणसांच्या गळ्यात तोच मफलर दिसला.

भाची एका आजींच्या घरात वरच्या मजल्यावर राहते. आजींना इंग्रजी बेताचं येतं, पण भाचीने माझ्याकडे बघून "एडनी" एवढं म्हटल्याबरोबर त्या उठल्या आणि आम्हाला समोर बसवून सांगायलाच लागल्या, भाची मधेमधे अर्थ लावून देत होती. फायनलच्या रात्री त्यांच्या इमारतीतले सगळे एकाच घरात जमले होते कारण तिथला टीव्ही मोठा होता, मॅच संपली आणि लोक जसे होते तसे घरातल्या चपलांवर रस्त्यावर आले. समोर बोलोन्याचा क्लब होता, आदल्या वर्षीचा विजेता, ८२-७४ ने हरवला. सेमीफायनलला ऑलिम्पियाकोसला तर सोळा पॉइंटने लोळवलं होतं. हे आकडे मला पाठ होते पण आजींनाही पाठ होते! त्या बास्केटबॉल फॅन वगैरे नाहीत, त्यांच्याच म्हणण्यानुसार त्यांना बागकाम आवडतं.

जेवायला त्सेपेलिनाई. किसलेल्या बटाट्याचे मोठ्ठे लांबट गोळे, आत सारण, वर सावर क्रीम. एक खाल्ला की दुसऱ्याचं नाव काढवत नाही. शाकाहारी लोकांसाठी: आत मांसाऐवजी चक्क्यासारखं चीज घातलेले मिळतात, पण वरून बेकनचे तुकडे घालतात ते आधीच नको म्हणून सांगायचं. बटाट्याची धिरडी आणि केप्ता दुओना (काळ्या ब्रेडचे तळलेले तुकडे, लसूण चोळून, वर चीज) जवळपास सगळीकडे मिळतात, माझे अर्धे दिवस त्यावरच गेले.

गुरुवार

सकाळी पहिलं काम म्हणजे जुना स्पोर्ट्स हॉल. आझुओलिनास म्हणून ओकच्या झाडांचं मोठं पार्क आहे, त्याच्या कडेला ही इमारत. १९३९ साली युरोपियन चॅंपियनशिप काउनासला भरणार होती म्हणून काही महिन्यांत उभी केलेली, खास बास्केटबॉलसाठी बांधलेल्या युरोपातल्या पहिल्या हॉलपैकी एक. एडनी खेळला तो इथेच, झाल्गिरिस २०११ पर्यंत इथेच खेळायची. मी बाहेर उभी राहून बराच वेळ बघत होते. बाहेरून साधी, जराशी बुटकी वाटते, आणि कॅलिफोर्नियाच्या उन्हात वाढलेला, बॉस्टनच्या टीममधून आलेला पंचवीस वर्षांचा मुलगा अशाच एखाद्या दिवशी बर्फातून चालत प्रॅक्टिसला इथे आला असेल तेव्हा त्याच्या मनात काय असेल असं सारखं वाटत राहिलं.

त्याला एक आधार होता मात्र. टीमचा सेंटर (बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू) यिरी झिडेक, झेक खेळाडू, तो युसीएलएत एडनीबरोबरच होता, म्हणजे १९९५ ला अमेरिकेत दोघं एकत्र चॅंपियन आणि चार वर्षांनी काउनासकडून पुन्हा दोघं एकत्र चॅंपियन. शिवाय अँथनी बोवी हा दुसरा अमेरिकन, पस्तिशीचा, ऑर्लँडोकडून बरीच वर्षं एनबीए खेळलेला. बाकी कणा लिथुआनियन पोरांचा, श्तोंबर्गास, झुकाउस्कास, मासिउलिस, कोच योनास काझलाउस्कास. मला वाटतं त्या सीझनचं खरं रहस्य हेच आहे. एडनीला बॉल दिला आणि पळ म्हटलं, पण त्याच्या आजूबाजूला एकमेकांना ओळखणारी, एकाच शाळेत शिकल्यासारखं बास्केटबॉल खेळणारी माणसं होती. त्याचा वेग त्यांना हवा होता आणि त्यांची शिस्त त्याला.

आणि हॉलशी जोडलेला अजून एक अमेरिकन आहे, त्याची गोष्ट तर अजून जुनी. फ्रँक लुबिन, लॉस एंजेलिसचा, आईवडील लिथुआनियन. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा बास्केटबॉल आलं तेव्हा सुवर्ण जिंकणाऱ्या अमेरिकन टीममधला खेळाडू. तिथून तो लिथुआनियात आला, लोकांना शिकवलं, आणि १९३९ ला याच हॉलमध्ये लिथुआनियाकडून खेळताना लाटव्हियाविरुद्ध शेवटच्या क्षणी बास्केट केलं, ३७-३६. इथे त्याला प्रानास लुबिनास म्हणतात आणि लिथुआनियन बास्केटबॉलचा आजोबा मानतात. म्हणजे परदेशात जाऊन खेळणारे अमेरिकन हा प्रकार काउनासला नवा नाहीच, पाया घालणाराच तिकडून आलेला.

दुपारी लाइस्वेस आलेया, गावाचा लांबच लांब पायी चालायचा रस्ता, दोन्ही बाजूला झाडं. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात काउनास देशाची तात्पुरती राजधानी होतं, तेव्हाच्या साध्या गोलाई घेतलेल्या इमारती जागोजागी आहेत, २०२३ ला युनेस्कोच्या यादीत गेल्या त्या. या रस्त्यावर एक जुनं डोनटचं दुकान आहे, सोव्हिएत काळापासूनचं, तिथे गरम स्पुर्गा खायला रांग लागते, नक्की उभं राहा. नाताळचं झाड जुन्या गावात टाउन हॉलसमोर असतं, दरवर्षी काहीतरी वेगळ्या प्रकारे करतात, संध्याकाळी बघावं.

थंडीबद्दल एक सांगते. आकडा फार भीतीदायक नव्हता, शून्याच्या आसपास, पण दमट आहे, दोन नद्यांच्या संगमावरचं गाव. जाडजूड एका जॅकेटपेक्षा आतून दोन पातळ थर घाला, आणि बूट वॉटरप्रूफच पाहिजेत.

शुक्रवार

आज मॅच! नवीन झाल्गिरिओ अरेना न्येमुनास नदीतल्या बेटावर आहे, पायी पूल ओलांडून जायचं, बास्केटबॉलला पंधरा हजारांच्या वर माणूस मावतो आणि युरोलीगला तो भरतो, गाव जेमतेम तीन लाखांचं. पुलावरूनच हिरव्या मफलरांचा लोंढा चालला होता, तान्ह्या बाळापासून काठी टेकणाऱ्या आजोबांपर्यंत. तिकीट घरूनच, तारखा जाहीर झाल्या झाल्या क्लबच्या साइटवरून काढा, युरोलीगची पटापट संपतात. नाही मिळालं तर रविवारची लिथुआनियन लीगची मॅच बघा, ती स्वस्तही असते आणि जागाही मिळते. जॅकेट ठेवायला क्लोकरूम आहे, तिथे ठेवूनच आत जा, आत उकडतं.

माझ्या शेजारी एक काका बसले होते, साठीचे, दोन मुलींना घेऊन आलेले. आपली ओळख झाली, भारतातून मॅच बघायला आले म्हटल्यावर त्यांनी मागच्या पुढच्या रांगांना सांगून टाकलं. मी एडनीचं नाव काढलं. ते म्युनिकला गेले होते! मित्रांबरोबर गाडीने, पोलंड पार करून, तिकडे पोचले तेव्हा त्यांच्यासारखे हजारो होते. त्यांच्या पुतण्याचं नाव ताजुस आहे, १९९९ चा जन्म, कुणावरून ठेवलं ते सांगायलाच नको. मग त्यांनी खाली बेंचकडे बोट दाखवलं, तोमास मासिउलिस, आताचा हेड कोच. त्या १९९९ च्या टीममधला खेळाडू! मला हे वाचून माहीत होतं पण प्रत्यक्ष तो माणूस साइडलाइनला हातवारे करताना बघणं वेगळंच, एडनीचा पास घेतलेला माणूस आज नव्या अमेरिकनांना कुठे उभं राहायचं ते सांगतोय.

नव्यांमध्ये नायजेल विल्यम्स-गॉस आहे, गॉन्झागा कॉलेजचा, त्याचा प्रवास बघितला की आजच्या अशा खेळाडूचं आयुष्य कळतं: बेलग्रेड, ग्रीस, थोडा काळ एनबीएत युटा, रशिया, माद्रिद, परत ग्रीस, आता काउनास. एडनी पण एका सीझननंतर इटलीला ट्रेव्हिसोला गेला, मग एक वर्ष एनबीएत इंडियाना, मग परत ट्रेव्हिसो. लॉनी वॉकर तर २०२४ च्या शेवटाला इथे आला आणि फेब्रुवारीत परत एनबीएत, फिलाडेल्फियाला गेला. काकांना मी विचारलं, वाईट वाटत नाही का असे सोडून गेले की? ते म्हणाले, जे जीव तोडून खेळतात ते गेले तरी आमचेच, आणि बाकीच्यांची नावं आम्हाला आठवत नाहीत.

खेळाबद्दल थोडं, कारण टीव्हीवर एनबीए बघणाऱ्यांना इथे चुकल्यासारखं होतं. मॅच चाळीस मिनिटांची, पाच फाउलला बाहेर, थ्री पॉइंट लाइन जवळ (६.७५ मीटर, एनबीएत ७.२४). आणि मोठा फरक म्हणजे डिफेन्सवाला बास्केटखाली हवा तितका वेळ ठाण मांडू शकतो, एनबीएत तीन सेकंदांत बाहेर यावं लागतं. त्यामुळे अमेरिकेत ज्याला घुसायला मोकळं मैदान मिळायचं त्याला इथे समोर भिंत दिसते. एडनीसारखा बुटका माणूस या भिंतीतून वाट काढत होता हे प्रत्यक्ष हॉलमध्ये बसून बघितल्यावर त्याची किंमत मला दुप्पट कळली.

शनिवार

प्रिएनाईला गेलो, काउनासहून बसने पाऊण तास. दहा हजार वस्तीसुद्धा नसलेलं गाव, नदी, चर्च, आणि एक छोटी अरेना. इथे २०१८ च्या जानेवारीत अमेरिकेतले कॅमेरे येऊन धडकले होते कारण बॉल भाऊ, लिअँजेलो आणि लमेलो, इथल्या क्लबकडून खेळायला आले. लमेलो तेव्हा सोळा वर्षांचा. लिअँजेलो युसीएलएतूनच आलेला, चीनमधल्या दुकानातल्या चोरीच्या प्रकरणानंतर एकही अधिकृत मॅच न खेळता. वडील लावार बॉल यांनी स्वतःच्या ब्रँडच्या नावाने मैत्रीपूर्ण सामने भरवले, काहींत स्वतः कोचिंगही केलं, आणि सीझन संपायच्या आधीच एप्रिलमध्ये सगळं कुटुंब निघून गेलं.

अरेनाजवळच्या कॅफेतल्या बाईंना विचारलं तर त्या मनापासून चांगलंच बोलल्या. पोरगा लहान होता, थंडीने गारठलेला असायचा, पण मुलांबरोबर फोटो काढायला कधी नाही म्हणाला नाही. लमेलो पुढे ऑस्ट्रेलियात खेळला, २०२० च्या ड्राफ्टमध्ये तिसरा गेला आणि एनबीएचा रुकी ऑफ द इयर (वर्षातला सर्वोत्तम नवा खेळाडू) झाला, तर गावाला त्याचं कौतुक आहे. मला वडिलांचा राग येतो खरं सांगायचं तर. सोळा वर्षांच्या मुलाला मोठ्या माणसांच्या लीगमध्ये घालायचं, आणि मग टीमचा सीझन अर्धवट टाकून घेऊन जायचं. सीझन म्हणजे पूर्ण हिवाळा, हरलेल्या मॅचनंतरच्या सोमवारची प्रॅक्टिससुद्धा त्यात येते, आणि ती शिकायची संधीच त्या मुलांना मिळाली नाही.

बाजूलाच बिर्श्तोनास आहे, मिनरल वॉटरचे उपचार वगैरेचं गाव, पाइनची झाडं, फार सुंदर. तिथलं व्हिताउतास नावाचं मिनरल वॉटर देशभर मिळतं, प्रिएनाईच्या क्लबचंही तेव्हा तेच नाव होतं. एक घोट घेतला आणि डोळे मिटले, इतकं खारट! भाची म्हणते सवय झाली की आवडतं. बस परतीची शेवटची कधी ते आधी बघून ठेवा, शनिवार-रविवारी कमी असतात.

रविवार

आजचा दिवस ठरवून मिळाला नसता. सकाळी लाइस्वेस आलेयावर कॉफी प्यायला बसलो तर शेजारच्या टेबलावर सहा फूट आठ इंचाचा माणूस एकटा बसून फोनवर आजीशी बोलत होता, अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांतला ठसका. फोन झाल्यावर त्यानेच विचारलं तुम्ही कुठल्या, आणि मग दोन तास गप्पा. लिथुआनियातल्या एका छोट्या क्लबकडून खेळतो, सुट्टीचा दिवस म्हणून काउनासला आलेला. नाव सांगत नाही, पण बोलणं सांगते कारण एडनीच्या सीझनबद्दल कुठे वाचून कळलं नसतं ते याच्याकडून कळलं.

करार साधारण दहा महिन्यांचा. क्लब फ्लॅट देतो, गाडी देतो (लहान, गुडघे छातीला लागतात). दिवसाला दोन प्रॅक्टिस. मॅच हरली की पहिली नजर परदेशी खेळाडूकडे जाते, त्यालाच बदलणं सोपं असतं. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगला प्रॅक्टिस होती, टीममधल्या एका लिथुआनियन मुलाच्या आईने टर्की मिळाली नाही म्हणून बदक भाजून पाठवलं, ते सांगताना तो थांबला जरा. घरी सात तास मागे, त्याची रात्र झाली की तिकडे लोक कामावर, म्हणून सुट्टीच्या सकाळी आजीला पहाटे उठवून फोन. आधीच्या एका देशात तीन महिन्यांचा पगार अडकला होता, तेव्हा वकिलाने जिनिव्हातल्या बास्केटबॉलच्या लवादाकडे केस नेली, फिबाने (बास्केटबॉलची जागतिक संघटना) २००७ ला खास अशा भांडणांसाठीच तो काढलाय, त्यामुळे पैसे मिळाले. कुणा ओळखीचा मुलगा-मुलगी परदेशी खेळायला जाणार असेल तर हे लक्षात ठेवा, करारात त्या लवादाचं कलम आहे की नाही ते सही करायच्या आधी बघायचं.

मग चांगलं काय, असं भाचीने विचारलं. तो म्हणाला इथे किराणा दुकानातली बाई मला माझ्या फ्री थ्रोबद्दल बोलते. त्याच्या गावात त्याला कुणी ओळखत नाही, इथे शेजारची मुलं दारात बॉल घेऊन उभी असतात. २०१७ चं एक प्रकरण त्याला माहीत होतं आणि त्याने ते फार प्रेमाने सांगितलं: झाल्गिरिसचा ब्राझिलियन सेंटर लिमा प्लेऑफच्या मध्येच बाळाच्या जन्मासाठी घरी गेला, एका पत्रकाराने पत्रकार परिषदेत त्यावर प्रश्न केला, तर तेव्हाचा कोच शारूनास यासिकेविचियुस याने त्या पत्रकाराला सगळ्यांसमोर समजावलं की बाळाचा जन्म यापेक्षा मोठं काही नसतं. असा कोच मिळाला तर मी फुकट खेळेन, तो म्हणाला.

एडनीबद्दल विचारलं तर हसला. इथे आल्या आल्या प्रत्येकाने त्याला एडनीची गोष्ट सांगितली होती, टॅक्सीवाल्यापासून दंतवैद्यापर्यंत. "त्याचा तो सीझन झाला तेव्हा मी जन्मलोही नव्हतो, पण तो होता म्हणूनच लोक माझ्याकडे इतक्या आशेने बघतात."

सोमवार

सकाळी आजींनी डब्यात काळा ब्रेड आणि चीज बांधून दिलं, विल्निअसची ट्रेन, तिथून विमान. व्हिसाचं एकच सांगते, शेंगेन आहे, नाताळच्या आधीच्या तारखा लवकर भरतात म्हणून ऑगस्ट-सप्टेंबरातच अपॉइंटमेंट घ्या. आणि जमलं तर युरोलीगची एक आणि लोकल लीगची एक अशा दोन्ही मॅच मिळतील असं बघून तारखा ठरवा, आठवड्याच्या मधे येऊन सोमवारी निघालं की बहुतेक जमतं.

जानेवारीत भाचीचा मेसेज आला, कॅफेत भेटलेल्या आमच्या खेळाडू मित्राला क्लबने सोडलं, चार मॅच ओळीने हरल्यावर. आठवडाभरात त्याला पोलंडमध्ये दुसऱ्या लीगचा क्लब मिळाला. त्या लीगचे स्कोअर लावून देणारी साइट मी शोधून काढलीये, आता दर रविवारी रात्री त्याचे पॉइंट बघते, गेल्या मॅचला सतरा होते.